तिसरा खड्डा

“तूर हलली!” माझे धनी ओरडले.

गोंदजी नाईकांनी खड्ड्यात डोकं घातलं. “हळू बोल रे हैबती! पलीकडच्या तळावर दवंडी पिटतोस काय?”

धन्यांना ते ऐकू गेलं नाही. खड्ड्याच्या तळाशी तांब्याची परात ठेवलेली होती आणि परातीत मूठभर तुरीचे दाणे. खाली कुणी खणलं की ते थरथरतात. धनी तिच्यावर नाक टेकेल इतके वाकले होते. मग त्यांनी माझ्याकडे बघून आपल्या कानाला हात लावला. म्हणजे आता काम माझं.

मी परात बाजूला सरकवली, पदर खोचला आणि मुरमावर आडवी होऊन कान टेकवला.

सिंदवणच्या वेढ्याचा तो पाचवा महिना. शहराच्या चारी अंगांनी पातशाही फौज बसली होती. कोटाची भिंत तोफांना दाद देत नव्हती, म्हणून शत्रूने भिंतीखालून वाट काढायचं ठरवलं. भिंतीखाली सुरुंग न्यायचा, टोकाला खोली करायची, खोलीत दारू भरायची आणि बत्ती द्यायची. मागल्या साली वडजाईचा बुरूज असाच उडवला होता. तिथे पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही, कारण वडजाईहून सांगायला कुणी आलंच नाही.

आम्ही जातीचे बेलदार. दगड फोडायचे, विहिरी पाडायच्या. दोन वर्षांपूर्वी खंदक खोल करताना दारूची भर वेळेआधी उडाली आणि धन्यांचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून हात त्यांचे आणि कान माझे असं आमचं चाललं होतं. नाईक या बुरुजाचे अंमलदार. त्यांनी बुरुजाच्या आतल्या अंगाला तीन खड्डे पाडून घेतले होते, एकेक दोन पुरुष खोल. रोज भर दुपारी, तोफा तापून दोन्हीकडचा मारा थांबला की आम्ही खड्ड्यात उतरायचो. पहिल्या महिन्यात नाईकांनी ताकीद फिरवली होती, दुपारी कुणी दळायचं नाही, कांडायचं नाही, ऐकणाऱ्यांना अडथळा होतो. पाचव्या महिन्यात त्या ताकिदीची गरज उरली नव्हती. शहरात दळायला काही नव्हतं.

मुरमातून आवाज येत होता. पहारींचा. एक, दोन, तीन, चार पहारी, वेगवेगळ्या हातांच्या. लांब होत्या, पण होत्या.

मग त्या थांबल्या. आणि पहारीच्या बोथट टोकाने कुणीतरी खडकावर टोले दिले. दोन लगोलग. मग एका श्वासाएवढं थांबून एक.

माझा हात सुतकीकडे गेला. तीच हातोडी घेऊन मी उलट टोले दिले. दोन, आणि एक.

मी काय केलं ते मला हात खाली आल्यावर कळलं.

“बाई, काय वाजवतेस?” नाईक वरून म्हणाले.

“दगड बघते, नाईक. पोकळ आहे का ते.”

प्रत्येक बेलदाराच्या तळाचा टोला ठरलेला असतो. कातळाला हात घालण्याआधी खालचा कारागीर आपला टोला देतो. मी बरा आहे, काम धरतो, एवढाच त्याचा अर्थ. वरच्याने त्याला तसंच उत्तर द्यायचं. आमचा बाप म्हणायचा, “तोंडात घास असला तरी टोला आधी, घास मागनं. खालून आलेला टोला तसाच सोडणारा बेलदार नव्हे.” मी चालायला शिकायच्या आधी टोला द्यायला शिकले असेन. आणि दोन नि एक हा टोला आमच्या बापाच्या तळाचा होता. बाप जाऊन सात वर्षं झाली होती. आता तो टोला एकाच माणसाचा.

खाली सगळं चिडीचूप झालं. बराच वेळ. मग तोच टोला परत आला, अगदी सावकाश, अंधारात चाचपडत यावं तसा. दोन. एक.

सुभानादादा.

“काय आहे?” नाईकांनी विचारलं.

“बारवेचं पाणी आहे,” मी म्हणाले. “झरा कातळाला धडका देतोय.”

नाईकांनी मान हलवली. त्यांना ते पटणारच होतं. बुरुजाजवळची ती बारव माझ्याच बापाने आणि भावाने पाडली होती. मी तेव्हा दहा वर्षांची, पाट्या वाहायचे. या शहराखाली मुरूम कुठे आहे आणि काळा कातळ कुठे, हे दादाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पातशाही फौजेने त्याला का धरून आणलं असेल ते मला तिथेच कळलं.

त्या बारवेच्या कामात एकदा बाजू ढासळली आणि कोंडबाकाका आडव्या बोगद्यात गाडला गेला. बायकांनी ऊर बडवायला सुरुवात केली. दादाने सगळ्यांना गप्प केलं आणि मला जमिनीवर पालथी घातली. माझे कान कोवळे म्हणून.

“भिवरी, तीन जागा धरायच्या,” तो माझ्याजवळ बसून म्हणाला. “टोला द्यायचा आणि ऐकायचं. पहिल्या जागी कळतं की माणूस आहे. दुसऱ्या जागी कळतं की तो कुठल्या अंगाला आहे. तिसरी जागा बरोबर धरलीस तर तो पायाखाली येतो. वरचा जवळ आला हे खालच्यालाही कळतं. मग तो एकच टोला देतो, जोराचा. इथेच म्हणून.”

कोंडबाकाकाचा तो एक टोला माझ्या टाचेत घुसला होता. काकाला आम्ही जिवंत काढला. पुढे कितीतरी वर्षं तो मला बघितलं की हसायचा आणि म्हणायचा, “ही बघा, माझी आई आली.”

त्या दुपारी मी खड्ड्यातून वर आले तेव्हा चिमी काठावर बसली होती. माझी लेक, पाच वर्षांची. तिचे गुडघे मांड्यांपेक्षा जाड झाले होते. ती परातीकडे बघत होती.

“आई, ती तूर कुणाची?”

“बुरुजाची.”

“बुरूज खातो?”

शेजारच्या मैनाआत्या मोटेचं चामडं शिजवत बसल्या होत्या. सकाळपासून शिजत होतं. त्या तिथूनच म्हणाल्या, “खातो तर! नाईक त्याला मांडीवर घेऊन भरवतात. आम्ही आपली मोट खायची. उद्या रहाट खाऊ.”

“म्हातारे, ती तूर थरथरते म्हणून तुझी मोट शिजते आहे,” नाईक म्हणाले. पण त्यांचा आवाज चढला नाही. त्यांच्या स्वतःच्या तोंडात चिंचोका होता, कालपासून तोच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत टोला ऐकला आणि परत दिला. तिसऱ्या दिवशीही. पहारी आता सावकाश चालत होत्या. ऐकणाऱ्याला कळतं ते. चार माणसं आठवड्याचं काम पंधरवड्याला लावत होती. दादाला कळलं होतं की आत मी आहे, आणि दादा वेळ काढत होता. तेवढा त्याच्या हातात होता.

“पळून का जात नाही असली माणसं?” मी नाईकांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कुठली?”

“त्यांचे खणणारे.”

“जातील कशी? परवा एक धरला होता आपल्या पोरांनी, तो सांगत होता. खणणाऱ्यांची बायकापोरं वेगळ्या तंबूत पहाऱ्यात ठेवलीत. एक गडी पळाला, तर त्याच्या घरच्या चौघांना तिथल्या तिथे...” नाईकांनी हाताने खूण केली. “कामात मेला तर मात्र घरच्यांना सोडतात. खाटिकाचीपण काही रीत असते म्हणायची.”

दादाला तीन मुलं होती. धाकटीचं नाव त्याने माझ्यावरून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी चिमी उठली नाही. झोपून डोळे उघडे ठेवायची, पण मान उचलायची नाही. मी तिला पाठीशी बांधून बुरुजापाशी आणलं आणि सावलीत निजवलं. नाईक आले. थोडा वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग स्वतः खड्ड्यात उतरले, वर आले आणि ओंजळ मैनाआत्यांपुढे धरली.

“शिजव. पातळ कर. पोरीला चमच्या-चमच्याने दे.”

“नाईक, ही तर परातीतली...” आत्यांची जीभ पहिल्यांदाच अडखळली.

“शिजव म्हणतो ना.” मग ते माझ्याकडे वळले. “आता परात मुकी झाली, बाई. तुझा कान तेवढा उरला. तो सांगेल ते खरं.”

मी मान खाली घातली. पोरगी तूर खात होती आणि मी चार दिवस खोटं सांगत होते.

त्या दुपारी खड्ड्यात उतरले तर आवाज बदललेला. आता घाव समोर पडत नव्हते, बाजूंना पडत होते. डावीकडे, उजवीकडे, वर. शिवाय नव्या पहारी येऊन मिळाल्या होत्या. दादाची चाल कुणाच्या तरी लक्षात आली असणार.

धन्यांनी माझ्या शेजारी बसून जमिनीवर तळवा पसरला. कान गेल्यापासून त्यांचा तळवा तयार झाला होता. मला वाटायचं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

“खोली करताहेत,” ते म्हणाले. या खेपेला हळू. “आज खोली, उद्या दारू.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे पाणी नव्हे, भिवरे. पहिल्या दिवसापासून नव्हे.”

मी मुरमावरून कान उचलला.

“कोण आहे?”

मी त्यांचा हात धरला आणि तळव्यावर बोटाने टोले दिले. दोन. मग एक.

त्यांनी मूठ मिटली. मिटलेली मूठ बराच वेळ तशीच मांडीवर ठेवली. आमच्या लग्नात दादाने त्यांना आपली पहार दिली होती. तीच पहार त्या वेळी खड्ड्याच्या कडेला टेकवून ठेवलेली होती.

“मी नाईकांना काही बोलणार नाही,” धनी म्हणाले. “तू सांगशील तिथे खणीन, दारू उतरवीन. नाही सांगितलंस तर वर जाऊन पोरीजवळ बसू. दोघं.”

वरून चिमीचा आवाज आला. सकाळपासून पहिल्यांदा. “आत्या, अजून आहे?”

मी सुतकी उचलली.

पहिल्या खड्ड्यात मी टोला दिला. खालून लगेच उत्तर आलं. रोजच्यासारखं, थोडं आनंदाचंच. दिवसाला एकदाच भेटणारी बहीण आजही आली, असं त्याला वाटलं असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या खड्ड्यात मी टोला दिला. उत्तर आलं, पण थांबून. आवाज उजव्या अंगाला झुकलेला होता. मी वर आले तेव्हा नाईकांनी विचारलं, “काय ग?” मी म्हणाले, “अजून एक.” मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

तिसरा खड्डा बुरुजाच्या पायाला लागून होता. मी उतरले आणि टोला दिला. दोन, एक.

काहीच आलं नाही.

पहारीसुद्धा थांबल्या. सगळ्या. मग खाली काहीतरी हललं, एकामागून एक, मऊ, दूर जाणारं. अनवाणी पावलांसारखं. मला वाटलं, पाळी बदलत असतील. मी श्वास धरून बसले. माझ्या मनात आलं, उत्तर नको देऊस. देऊ नकोस, दादा. गप्प राहा.

आणि एकच टोला आला. जोराचा. माझ्या टाचेत घुसला आणि पोटापर्यंत चढला.

“सापडलं?” नाईक वरून ओरडले.

माझ्या उजव्या हातात सुतकी होती. मी ती खाली ठेवली आणि हात वर केला.

धन्यांनी त्याच खड्ड्याच्या तळातून लांब पहारीने भोक पाडायला घेतलं. मुरूम मऊ होता. उन्हं उतरेपर्यंत काम चाललं. मी पाट्या वाहत होते. मध्ये-मध्ये कान लावायचे. खाली एकच पहार चालू होती. मघाशी सात-आठ होत्या, आता एक. संथ, एका लयीत, विहीर पाडताना कारागीर एकटा असला की चालवतो तशी. नाईकांनी विचारलं, “बेसावध आहेत ना?” मी म्हणाले, “काम चालू आहे.” खोटं बोलले नाही.

दारूचं गाडगं भोकात उतरवलं. धन्यांनी वात पेटवली आणि मला वर ओढलं. फार मोठा आवाज झाला नाही. जमीन एकदा खाली बसली, दमलेलं जनावर बसतं तशी. बुरुजावरून थोडी माती घरंगळली. लोकांनी आरोळी दिली. मैनाआत्यांनी माझी दृष्ट काढली.

मी जाऊन कान टेकवला. पहार थांबली होती.

अठरा दिवसांनी वेढा उठला. फौजेला दुसऱ्या कुठल्या मुलखातून बोलावणं आलं म्हणाले. नवा सुरुंग घ्यायला त्यांना वेळ उरला नव्हता. पहिली धान्याची गाडी वेशीतून आली तेव्हा बायका तिच्या चाकांच्या पाया पडल्या. चिमी जगली. बुरुजामागची ती जागा नाईकांनी आम्हाला घराला दिली. तिन्ही खड्डे धन्यांनी स्वतः बुजवले. मला जवळ येऊ दिलं नाही.

पुढच्या वर्षी बाजारात माझी वहिनी भेटली. तिघं पोरं बरोबर होती. तिने मला गळामिठी घातली आणि आम्ही दोघी रडलो. मग तिने सांगितलं.

“तुझ्या भावाला आतून कळलंच होतं ग, छत पडणार ते. दुपारी सगळ्या गड्यांना वर धाडलं. म्हणाले, छत कच्चं आहे, टेकू द्यायला लाकडं आणा, भरपूर आणा. आणि स्वतः मात्र खणत बसले. वरचा अंमलदार सुरुंगाच्या तोंडाशी बसून ऐकत असायचा ना. पहार थांबली की माणूस पाठवायचा आत.” तिने डोळे पुसले. “आठ बायकांची कुंकवं राखली त्यांनी. आणि कामात गेले, म्हणून आम्हाला कुणी बोट लावलं नाही. पळाले असते तर आज ही पोरं दिसली नसती.”

“हो,” मी म्हणाले.

“तू आत होतीस, ते त्यांना ठाऊक होतं का ग? शेवटच्या तीन रात्री आमच्या तंबूत जेवायला आले की बोटं वाजवायचे ताटावर. मी म्हणायचे, काय येड लागलंय.”

मी तिच्या धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. “कसं ठाऊक असणार, वहिनी.”

ज्याने मला तीन जागा धरायला शिकवलं, त्याला दुसऱ्याच जागी कळलं असणार, की ही भेटायला आलेली नाही, मोजते आहे. तिसऱ्या जागी तो गप्प बसला असता तर आम्ही आंधळेपणाने खणलं असतं आणि बुरूज उडाला असता. त्याने गडी वर पाठवले आणि मला सांगितलं, इथेच.

चिमी मोठी झाली, मामाचं विचारू लागली. मी सांगायचे, वेढ्यात गेला. याच्या पुढचं तोंडातून कधी निघालं नाही. साठी उलटल्यावर मी मठातल्या बाईंकडून अक्षरं शिकले, ती एवढ्याचसाठी. माझ्यामागे तिने हे वाचावं.

धनी गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. हात अंथरुणावर पसरला होता, तळवा वर.

“तिसऱ्या खड्ड्यात एकच टोला आला होता,” ते म्हणाले. “मी काठावर हात टेकून होतो. लागला मला.”

एवढी वर्षं. मी त्यांच्या तळव्यावर हात ठेवला.

“उत्तर दिलंस?”

मी मान हलवली. नाही.

ते आढ्याकडे बघत राहिले. “राहिलं मग,” म्हणाले.

तिसऱ्या खड्ड्याच्या जागेवर आता आमचं माजघर आहे. चिमीच्या सुना दळतात, कांडतात, घर दिवसभर वाजत असतं. दुपारी सगळ्या कलंडल्या की जातं थांबतं, आणि मग तीच शांतता येते. सुतकी माझ्या उशाशीच असते. हात तिच्याकडे जातो. एक टोला द्यायचा राहिलाय, एवढंच तर आहे, देऊन टाकावा असं रोज वाटतं.

पण मी देत नाही. दिला की उत्तरासाठी कान टेकावा लागेल. दादाने उभ्या जन्मात कुणाचा टोला तसाच सोडलेला नाही.